ताईची गाठ आणि थांबायला सांगणारे डॉक्टर

पहिल्या अहवालात कर्करोगाचं नाव होतं, पण उपचार ठरवता येतील असं त्यात काही नव्हतं. फुफ्फुसातून उद्भवलेला ॲडिनोकार्सिनोमा, आणि खाली टीटीएफ-1 पॉझिटिव्ह वगैरे दोन-तीन ओळी. ताईनं आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही. उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात कर्कपेशी सापडल्या होत्या, म्हणजे चौथी अवस्था. पेट स्कॅन झाला, मेंदूचा एमआरआय झाला. छातीबाहेर कुठे काही दिसलं नाही. इथवर सगळं भराभर उरकलं आणि आम्ही धरून चाललो की आता लगेच केमो सुरू होणार.

डॉक्टर म्हणाले, "थांबायचंय. जनुकांची तपासणी झाल्याशिवाय मी औषध लिहिणार नाही."

भाऊजींचा आवाज चढला. "तिला धाप लागतेय, पाणी भरतंय, आणि तुम्ही थांबा म्हणताय?" डॉक्टरांनी त्यांना बोलून घेऊ दिलं. मग सांगितलं की पाणी काढून श्वास मोकळा करता येतो आणि तेवढा वेळ मिळतो. तब्येत ढासळायला लागली तर ते केमोचा पहिला डोस देणार होते. "पण इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्कपेशींशी लढायला लावणारं औषध, मात्र अहवाल हातात आल्याशिवाय नाही," असंही त्यांनी वर जोडलं. ते वाक्य तेव्हा मी नुसतं वहीत टिपून ठेवलं. त्याचं वजन पुढे कळलं.

प्रिसिजन मेडिसिन म्हटलं की आपल्याला वाटतं, गाठीतला बिघाड शोधायचा आणि त्यावरचं नेमकं औषध द्यायचं. ते खरं आहेच. पण ताईसोबत या सगळ्यातून जाताना मला जे जास्त दिसलं ते हे, की ही तपासणी अनेकदा काय द्यायचं नाही ते सांगते. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण न दिलेल्या औषधाची बातमी होत नाही.

जेफिटिनिबचीच गोष्ट घ्या. ही गोळी जपानमध्ये 2002 साली आणि अमेरिकेत 2003 साली आली, तेव्हा ती कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नव्हतं. बहुतेकांवर तिचा काहीच परिणाम होत नसे आणि थोड्या जणांच्या गाठी चक्क विरघळत. 2004 मध्ये कोडं सुटलं: ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल झालेला असतो, त्यांनाच ती लागू पडते. पुढे 2009 मध्ये 'आयपास' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात 1,217 रुग्ण होते. बदल असलेल्यांपैकी 71 टक्के जणांच्या गाठी जेफिटिनिबनं आटल्या. बदल नसलेल्यांमध्ये हे प्रमाण जेमतेम एक टक्का होतं, आणि त्यांचा आजार केमो घेणाऱ्यांपेक्षा लवकर वाढला. म्हणजे तीच गोळी एकाला तारते आणि दुसऱ्याचा मोलाचा वेळ खाते. हे आकडे वाचल्यावर भाऊजी थोडे शांत झाले. मी नाही झाले, कारण तोवर आमच्यापुढे दुसरीच अडचण उभी राहिली होती.

तपासायला तुकडाच उरला नव्हता.

सुईनं काढलेला बायोप्सीचा तुकडा असतो तरी केवढा? सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब आणि शिशाच्या कांडीइतका बारीक. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात आणि मग त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. कर्करोग आहे का, याला काही काप लागतात. फुफ्फुसातलाच आहे की दुसरीकडून आलाय, हे ठरवायला वेगवेगळी रंगद्रव्यं वापरतात आणि प्रत्येकाला वेगळा काप लागतो. शिवाय ब्लॉक यंत्रावर पुन्हा चढवला की पृष्ठभाग सपाट करताना थोडा भाग वाया जातोच. निदान पक्कं होईपर्यंत ताईच्या ब्लॉकमध्ये उरलं ते बहुतेक मेण. जनुकांची प्रयोगशाळा म्हणाली, नमुना अपुरा आहे. यात कुणाची चूक नव्हती. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला मुद्दाम बोलावून सूक्ष्मदर्शकातून उरलेला काप दाखवला. जांभळ्या-गुलाबी रंगात एका कोपऱ्यात मूठभर पेशी, बाकी सगळा तंतूंचा पसारा. बऱ्याच प्रयोगशाळांना नमुन्यातल्या निदान वीस टक्के पेशी कर्काच्या हव्या असतात, नाहीतर निरोगी पेशींच्या डीएनएच्या गर्दीत गाठीचा बदल दिसतच नाही. इथे तो हिशेब जमण्यातला नव्हता.

त्याच तुकड्यातून एक तपासणी मात्र होऊन गेली होती: पीडी-एल1, म्हणजे कर्कपेशींवरचं एक प्रथिन. ते जास्त असेल तर इम्युनोथेरपी लागू पडण्याची शक्यता अधिक. आकडा आला 80 टक्के. आम्ही दुसरं मत घ्यायला गेलो तिथले डॉक्टर तो आकडा पाहून खूश झाले. 50 टक्क्यांच्या वर असेल तर नुसत्या इम्युनोथेरपीनंही चांगला गुण येतो, उद्याही सुरू करता येईल, असं त्यांनी सांगितलं. केमो नाही, केस जाणार नाहीत, आणि थांबायलाही नको. घरी परतताना गाडीत सगळ्यांचे चेहरे उजळले होते. ताई तेवढी म्हणाली, "मग आपले डॉक्टर नाही का म्हणतायत? आधी ते विचारू."

आमच्या डॉक्टरांनी विचारल्याबरोबर कागद काढले. 50 टक्क्यांचा तो नियम ज्या अभ्यासातून आला, त्यात ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असलेले रुग्ण मुळात घेतलेच नव्हते. मग अशा रुग्णांसाठी स्वतंत्र प्रयोग झाला. ईजीएफआर बदल आहे, पीडी-एल1 पॉझिटिव्ह आहे आणि त्या बदलावरची गोळी अजून घेतलेली नाही, अशा 25 जणांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देऊन पाहायचं ठरलं होतं. 11 जणांवरच तो थांबवावा लागला. एकाच रुग्णाची गाठ आटली होती, आणि तिचा नमुना पुन्हा तपासला तेव्हा कळलं की त्या रुग्णाला ईजीएफआर बदल नव्हताच, पहिला अहवाल चुकीचा होता. मी ते दोनदा वाचलं. आकडा 80 असो की 90, बदल असलेल्या गाठींवर त्या प्रयोगात औषधाचा परिणाम शून्य.

दुसरा धोका क्रमाचा. इम्युनोथेरपी शरीरात बराच काळ रेंगाळते. तिच्यानंतर लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआर बदलावरची गोळी सुरू केली तर फुफ्फुसाला सूज येण्यासारखे गंभीर त्रास होऊ शकतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इम्युनोथेरपीनंतर तीन महिन्यांच्या आत ही गोळी घेतलेल्या 21 पैकी 5 जणांना असा त्रास झाला. उलट क्रमानं, म्हणजे आधी गोळी आणि मग इम्युनोथेरपी, घेतलेल्या 29 जणांत एकालाही नाही. रुग्णसंख्या लहान आहे हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. तरी धूम्रपान न केलेल्या बाईच्या गाठीत असा बदल सापडण्याची शक्यता मोठी, त्यामुळे ते हा जुगार खेळायला तयार नव्हते. दुसऱ्या ठिकाणी यातलं काही आमच्या कानावर आलं नव्हतं. तिथे पीडी-एल1चा आकडा समोर होता आणि त्याला साजेसं औषधही.

आता नमुना कुठून आणायचा? पुन्हा सुई घातली तर फुफ्फुसात हवा शिरण्याचा धोका. म्हणून आधी रक्ततपासणी, जिला लिक्विड बायोप्सी म्हणतात. मरणाऱ्या पेशींतून डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. त्यातले बहुतेक साध्या रक्तपेशींचेच असतात, थोडे गाठीचे असू शकतात, आणि काही तासांतच शरीर ते साफ करून टाकतं. रक्त घेतानाही नेहमीच्या नळ्या चालत नाहीत. प्रवासात पांढऱ्या पेशी फुटल्या तर त्यांच्या डीएनएत गाठीचा अंश बुडून जातो, म्हणून पेशी टिकवून धरणारं द्रव्य असलेल्या खास नळ्या लागतात.

अहवालात ईजीएफआरचं नाव नव्हतं. डीएनएमटी3ए नावाच्या जनुकात अगदी कमी प्रमाणात एक बदल तेवढा सापडला होता. मी लगेच शोधाशोध करून रक्ताच्या कर्करोगापर्यंत जाऊन पोहोचले. डॉक्टरांनी मला तिथून परत आणलं. वय वाढतं तसे रक्त तयार करणाऱ्या पेशींत असे बदल साचतात, पुष्कळ धडधाकट माणसांतही ते असतात, आणि रक्ततपासणीत ते गाठीचे म्हणून फसवतात. राहिला ईजीएफआरचा प्रश्न, तर ताईचा आजार छातीपुरता होता, आणि अशा वेळी गाठ रक्तात फार काही सोडत नाही. "याला निगेटिव्ह म्हणू नका," ते म्हणाले. "आपल्याला कळलेलं नाही, एवढंच." भाऊजींना हे पटायला जड गेलं. एवढी मोठी तपासणी, आणि उत्तर काय, तर कळलं नाही!

मार्ग शेवटी निघाला तो त्या पाण्यातूनच. धाप कमी करायला पाणी काढावं लागणारच होतं. या वेळी ते भरपूर प्रमाणात पॅथॉलॉजीकडे गेलं. तिथे यंत्रात फिरवून तळाशी बसलेल्या पेशी एकत्र केल्या आणि बायोप्सीसारखाच त्यांचा मेणात ब्लॉक बनवला. अशा पाण्यात संरक्षक पेशींची आणि आवरणाच्या पेशींची गर्दी असते, त्यामुळे इथेही खात्री नव्हती. पण पॅथॉलॉजिस्ट बाईंचा निरोप आला: कर्कपेशी सुमारे तीस टक्के, नमुना पुढे पाठवतेय, आणि रंगद्रव्यांच्या नव्या तपासण्यांवर यातलं काही खर्च करत नाही. या सगळ्या प्रकरणात कुणाचे आभार मानायचे राहिले असतील तर या बाईंचे. रुग्णाला त्या कधी दिसतही नाहीत.

ते थांबणं कसं गेलं हे विचारू नका. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ नेहमी भेटत. त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होता आणि गाठीत बीआरएएफ व्ही600ई हा बदल सापडला होता. हाच बदल असलेल्या त्वचेच्या कर्करोगावर, मेलॅनोमावर, 2011 पासून वेम्युराफेनिब वापरात आहे, मग मला ते का देत नाहीत, हा त्यांचा रास्त सवाल होता. त्याचं उत्तर नेदरलँड्समधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेनं 2012 मध्ये दाखवून दिलं होतं. आतड्याच्या पेशीत बीआरएएफचा रस्ता अडवला की ईजीएफआर जोमानं जागं होतं आणि पेशीची वाढ दुसऱ्या वाटेनं चालू राहते. म्हणून तिथे एकट्या गोळीचा उपयोग नाही, ईजीएफआर रोखणारं इंजेक्शनही सोबत लागतं. बदल तोच, पण अवयव वेगळा, तर औषधाची गणितं वेगळी. त्या गृहस्थांना शेवटी जोडीनंच औषधं मिळाली.

अहवाल आला. पानं बरीच होती, पण महत्त्वाची ओळ पहिल्याच पानावर: ईजीएफआर, त्या जनुकाच्या एक्झॉन 19 या भागातला तुकडा गळालेला. या बदलावर मान्यताप्राप्त गोळी आहे. त्याखाली टीपी53. सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेलं हे जनुक, पण त्याला थेट दुरुस्त करणारं मान्यताप्राप्त औषध हातात नाही. ते असलं की आजार थोडा जास्त हट्टी असतो, एवढंच. आणि तिसऱ्या ओळीत बीआरसीए2, बिघडलं तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारं जनुक. अनिश्चित अर्थाचा बदल, प्रमाण 49 टक्के.

ते 49 मी पाहिलं आणि पोटात गोळा आला. गाठीच्या पेशी तीसच टक्के आणि बदल निम्म्या डीएनएत, म्हणजे तो गाठीत नव्यानं झालेला नसणार, जन्मापासून प्रत्येक पेशीत असणार. आईकडून किंवा बाबांकडून आलेला. तसं असेल तर माझ्यातही असण्याची शक्यता निम्मी, आणि माझ्या भाचीतही. ताईच्या गाठीचा अहवाल वाचता वाचता मी स्वतःचाच वाचायला लागले होते.

ताईच्या रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि बदल जन्मजात असल्याचं नक्की झालं. मग आनुवंशिकता समुपदेशक बाईंनी आम्हा दोघींना आणि भाचीला एकत्र बसवलं. अनिश्चित याचा अर्थ 'थोडासा वाईट' असा घ्यायचा नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. हा बदल निरुपद्रवी आहे की घातक, हे ठरवण्याइतकी माहितीच जमलेली नाही. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. जगातल्या जनुकसंग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती सर्वांत जास्त आहे, त्यामुळे इतरांच्या अहवालात 'अनिश्चित' हा शेरा अधिक वेळा पडतो. अशा बदलावरून ना कुठला अवयव काढायचा, ना औषध ठरवायचं, ना नातेवाइकांनी तपासण्या करत सुटायचं. वर्ष-दोन वर्षांनी वर्गीकरण बदललं का, ते विचारायचं. भाचीनं मुद्द्याचं विचारलं, "मग अहवालात लिहिलंच कशाला?" समुपदेशक हसल्या. त्यावरून त्यांच्यातही वाद आहेत म्हणे.

मॉलिक्युलर ट्यूमर बोर्डात, म्हणजे ऑन्कॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, जनुकतज्ज्ञ अशा सगळ्यांच्या बैठकीत, ही बीआरसीए2ची ओळ चर्चेला आली होती. बीआरसीए बिघडलेल्या कर्करोगांवर काही ठिकाणी वापरतात तसल्या गोळीचा विचार करायचा का, असा प्रश्न निघाला आणि लगेच निकालातही निघाला. डॉक्टरांनी मला नंतर 'शिवा' या फ्रेंच अभ्यासाबद्दल सांगितलं. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गाठीत सापडलेल्या बदलाला जुळणारं, पण त्या कर्करोगासाठी मान्यता नसलेलं औषध एका गटाला दिलं आणि दुसऱ्या गटाला डॉक्टरांच्या पसंतीचा नेहमीचा उपचार. आजार आटोक्यात राहिला तो 2.3 महिने विरुद्ध 2 महिने, म्हणजे फरक नाहीच. अहवालात नाव आलं म्हणून औषध द्यायचं, असं होत नाही.

गोळी ठरली ती ओसिमर्टिनिब, रोज एक. जुन्या गोळ्यांशी तुलना करणाऱ्या 'फ्लॉरा' अभ्यासात आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक 10.2 महिन्यांवरून 18.9 महिन्यांवर गेला होता. ताईनं सरळ विचारलं, "म्हणजे मला एकोणीस महिने?" डॉक्टर म्हणाले, निम्म्या लोकांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त, आणि तुम्ही कुठल्या निम्म्यात ते हा अहवाल सांगत नाही. गोळीला केमोची जोड दिली तर हा काळ आणखी वाढतो, हेही त्यांनी दुसऱ्या एका अभ्यासाच्या आकड्यांसह मांडलं: त्यात एकट्या गोळीच्या 16.7 महिन्यांऐवजी जोडीनं 25.5. टीपी53 असल्यामुळे त्यांचा कल थोडा जोडीकडे होता. ताईनं दोन दिवस मागून घेतले आणि एकटी गोळी निवडली. तिला काम सोडायचं नव्हतं. मला जोडी हवी होती, पण गोळ्या मी घेणार नव्हते.

सुरुवातीला ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी. मग जुलाब, कोरडी त्वचा, नखांच्या कडेला दुखरी सूज. यातलं काही मोठं नाही, पण नखं दुखत असताना शर्टाची बटणं लावून बघा. नवा खोकला किंवा धाप आली तर त्याच दिवशी कळवायचं, कारण क्वचित हीच गोळी फुफ्फुसाला सूज आणते. पहिल्या स्कॅनमध्ये पाणी जवळजवळ गेलेलं होतं आणि गाठ निम्म्याहून लहान झाली होती. ताई जिने चढायला लागली.

हे कायमचं नाही, हे आम्हाला पहिल्यापासून सांगितलेलं होतं. अलीकडच्या स्कॅनमध्ये बाकी सगळं शांत आहे, पण एक ठिपका वाढलाय. गाठ औषधाला चकवते ती वेगवेगळ्या वाटांनी. कधी ईजीएफआरमध्येच सी797एस नावाचा नवा बदल होतो, कधी एमईटी या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढतात, आणि कधी गाठ आपला प्रकारच बदलून स्मॉल सेल, म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक वेगळाच प्रकार, होऊन बसते. पहिल्या दोन वाटा रक्तात दिसू शकतात. तिसरीसाठी पेशींचं रूप डोळ्यांनी पाहावं लागतं, म्हणून पुन्हा बायोप्सी.

याच सुमाराला संशोधन प्रकल्पातली एक तरुण डॉक्टर संमतिपत्र घेऊन आली. औषधाला दाद न देणाऱ्या गाठींचा अभ्यास चाललाय, बायोप्सीच्या वेळी एक जादा तुकडा हवाय, दर भेटीला थोडं रक्त आणि नाव काढून टाकलेली माहिती. ताईनं विचारलं, यातून मला काय? ती मुलगी म्हणाली, "खरं सांगायचं तर बहुधा काही नाही. निकाल येईपर्यंत तुमचा पुढचा उपचार ठरून गेलेला असेल." ताईला ते उत्तर आवडलं. माहिती इतर देशांतल्या संशोधकांना दिली जाईल का, मध्येच नाव काढून घेता येईल का, भाचीशी संबंधित काही सापडलं तर कळवणार का, हे सगळं तिनं विचारून घेतलं. मग पेन मागितलं आणि सहीच्या आधी अट घातली: तुकडे कमी निघाले, तर आधी माझ्या उपचाराच्या तपासण्या, उरेल ते संशोधनाला. ती मुलगी म्हणाली, तसं कलम आहेच, चौथ्या पानावर. ताईनं चौथं पान काढून ते वाचलं आणि सही केली.